जेडचा निर्जळी उपास

आमच्या सागरदीप सोसायटीतून समुद्र दिसत नाही आणि दीपही संध्याकाळी बऱ्याचदा गेलेला असतो. पण नव्वद सालाच्या सुमारास वसईत फ्लॅट घेणारा माणूस नाव बघून घ्यायचा, नळ बघून नव्हे. नळ उघडून बघायचं सुचेपर्यंत किल्ली हातात पडलेली असे.

सदानंद वालावलकर त्यातलेच एक. परळच्या दोन खोल्या सोडून ते आणि वसुंधरावहिनी इथे आले ते बाग करायच्या हौसेने. वालीवच्या रंगाच्या कारखान्यात त्यांना रंगाची प्रत तपासायची नोकरी होती, घराला बाल्कनी होती, वर गच्ची होती. आल्याबरोबर त्यांनी गुलाब लावले, मोगरा लावला, अनंत लावला. सोसायटीला पाणी यायचं टँकरने आणि टँकर यायचा त्याच्या मर्जीने. उन्हाळ्यात शेवटची कळशी आमटीला की मोगऱ्याला, हा प्रश्न रोज उभा राहू लागला, तेव्हा वहिनींनी आमटीच्या बाजूने कौल दिला. मे महिन्यात बाल्कनीत नुसत्या काटक्या उरल्या.

एक कुंडी तेवढी हिरवीगार होती. कारखान्यातले कुणी गृहस्थ निवृत्त होताना टेबलावर एक रोप सोडून गेले होते. सदानंदरावांनी ते घरी आणलं, कोपऱ्यात ठेवलं आणि विसरून गेले. जाड, गुळगुळीत, मोठ्या मण्यांसारखी पानं. उन्हाळाभर थेंब मिळाला नव्हता तरी तुकतुकीत. सदानंदराव रसायनशास्त्राचे पदवीधर. एखाद्या गोष्टीचं कारण सापडेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी शोध घेतला आणि वहिनींना सांगितलं, "याला जेड म्हणतात. ही झाडं पानांत, खोडात पाणी साठवून ठेवतात."

"म्हणजे घरात टाकी बांधून राहतात," वहिनी म्हणाल्या. "आपल्यापेक्षा शहाणी."

त्या दिवसापासून सदानंदराव या मांसल झाडांच्या नादी लागले. कोरफड आली, घायपात आलं, नखाएवढी पानं असलेली हावर्थिया आली, उशीसारखे गोल निवडुंग आले. गच्चीच्या एका कोपऱ्यात पत्रा टाकून त्यांनी संसार मांडला. माती स्वतः कालवायचे. थोडी बागेची माती, त्यात नदीची जाड रेती आणि विटांचा चुरा, पाणी ओतलं की खालच्या भोकातून सरळ बाहेर पडावं अशी. कुणी फुकट मिळते म्हणून किनाऱ्यावरची वाळू आणून दिली, तर तिच्यातल्या मिठावर अर्धा तास व्याख्यान देऊन ती परत पाठवायचे.

व्याख्यान हा त्यांचा दुसरा नाद. वसईत एक छोटंसं विज्ञान मंडळ होतं. त्यात सदानंदराव होते आणि आमच्याच पहिल्या मजल्यावरच्या व्हेरोनिकाबाई होत्या. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, माहेर सांडोरचं. गणपतीत सदानंदराव गच्चीवर चमत्कारामागचं विज्ञान दाखवत. जिभेवर कापूर जाळत, नारळातून ज्वाळा काढत आणि मग प्रत्येकाचं कारण फोड करून सांगत. एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बाळाला घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "काका, याच्या डोक्यावर हात ठेवा ना, रात्री फार रडतो." सदानंदरावांनी ठरवलं की पुढच्या वर्षी आणखी सोप्या भाषेत समजवायचं.

झाडं वाढली तशी ते शेजाऱ्यांना रोपं वाटू लागले. रोपाबरोबर सूचना देत. उजेडात ठेवा, माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी घालू नका. लोक मान डोलावत रोप घरी नेत आणि मारून टाकत.

मारण्याच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरची विनी ही नव्याने लग्न होऊन आलेली मुलगी. ती रोज अंघोळ झाल्यावर तुळशीला पाणी घाली आणि शेजारी बसलेल्या जेडला उपाशी ठेवणं बरं दिसत नाही म्हणून त्यालाही घाली. पंधरवड्यात त्याचं खोड खालून काळं पडून मऊ झालं. कुणी जेड फ्रिजवर ठेवलं. ते उजेड शोधत शोधत पडवळासारखं लांब झालं आणि एक दिवस मान टाकून पडलं. कुणी भोक नसलेल्या चिनी मातीच्या भांड्यात लावलं, कारण भोकातून पाणी गळून टीव्हीवरचा रुमाल खराब होत होता. कुणी टँकरचं मचूळ पाणी पानांवर शिंपडलं. कुंडीवर मिठाचा पांढरा थर धरला, तर त्यांना वाटलं झाडाला कोड फुटलं. एकाने रोप घरातल्या अंधारातून उचलून एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवलं आणि पानं भाजल्यावर सदानंदरावांकडे येऊन म्हणाला, "तुम्हीच ऊन द्या म्हणालात."

ज्या सोसायटीत माणसांना दिवसाआड पाणी मिळत होतं, तिथे पाण्यात बुडून मरायचा मान फक्त या वाळवंटातल्या झाडांना होता.

सदानंदराव प्रत्येक मेलेलं रोप घेत, उलटं करून मुळं दाखवत. "मुळांना हवा लागते. सतत ओली राहिली की ती कुजतात. तुम्ही प्रेम कमी करा."

"असं कसं हो काका?" विनी म्हणाली. "घरातलं झाड आहे, तहान लागली तर कोणाला सांगणार?"

त्यांनी यावर गच्चीत एक माहितीपर भाषण ठेवलं. वहिनी, व्हेरोनिकाबाई आणि वॉचमन असा श्रोतृवर्ग होता. वॉचमन चहा झाल्यावर खाली गेला.

मग दोन हजार सालानंतर वास्तुशास्त्राची साथ आली. घराघरात हसणारे जाडे म्हातारे आले, तोंडात नाणं धरलेले तीन पायांचे बेडूक आले, दारं एका बाजूने बुजवून दुसऱ्या बाजूने फोडली गेली. आमचे चेअरमन धर्माशेठ हे मूळचे इथलेच, खाडीकाठच्या शेतकरी घराण्यातले. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या वडिलांची भातजमीन. आता तळमजल्यावर त्यांचं सिमेंट-सळईचं दुकान होतं. त्या वर्षी लिफ्ट दोनदा अडकली आणि दुकानाचा गल्लाही मंदावला. त्यांनी बोरिवलीहून एक वास्तुतज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञाने होकायंत्र घेऊन इमारतीला फेरी मारली, गच्चीवर गेला आणि निवडुंगांपाशी येऊन थबकला.

"काटे," तो म्हणाला. "डोक्यावर काटे घेऊन राहताय तुम्ही."

लगेच सभा बोलावली गेली. धर्माशेठ हात जोडून म्हणाले, "वालावलकर, तुमी शिकलेले मानूस. मी काय तुमाला सांगनार? पन सगळ्यांच्या डोक्यावर काटे कशाला?"

"लिफ्टची केबल गंजली आहे, धर्माशेठ. निवडुंगाने ती कुरतडलेली नाही."

"ते आमी बगू. पैले काटे काडा."

सदानंदराव उभे राहिले. "तुमच्या सगळ्यांच्या घरी ब्रह्मकमळ आहे. फुललं की त्याची आरती करता, शेजाऱ्यांना बोलावता. ते ब्रह्मकमळ म्हणजे निवडुंगच आहे. त्याच कुळातलं. मग तेही काढा."

एवढं बोलले नसते तर एखादवेळी निवडुंग वाचलेही असते. पण ब्रह्मकमळाला निवडुंग म्हटल्यावर सभेत असा गहजब झाला की हात वर करून मत द्यायच्या वेळी लोकांनी दोन दोन हात वर केले. निवडुंग गेले. व्हेरोनिकाबाईंचे भाऊ ऑगस्टीन यांनी सांडोरला केळीच्या वाडीला लागून असलेल्या पडवीत त्यांना जागा दिली. सदानंदरावांनी टेम्पोत एकेक कुंडी स्वतः चढवली आणि हात सोलून घेतले.

पण त्या तज्ज्ञाने जाता जाता आणखी एक वाक्य टाकलं होतं. काटे नसलेलं जेड मात्र लक्ष्मी खेचून आणतं.

दुसऱ्या दिवसापासून ज्या लोकांनी दोन हात वर केले होते ते एकेक करून सदानंदरावांच्या दारात येऊ लागले. "एक फांदी द्या ना." सदानंदरावांचा स्वभाव नाही म्हणण्याचा नाही. त्यांनी फांद्या दिल्या, सूचना दिल्या. लोकांनी हिशेब साधा केला, जितकं पाणी तितकी लक्ष्मी. विनीच्या सासूबाईंनी तर जेडला दूधपाण्याचा अभिषेक सुरू केला. महिन्याभरात घरोघरची लक्ष्मी सडून वास मारू लागली. पूर्वी झाड मेलं की लोक हळहळत, आता घाबरू लागले.

अशात एका रविवारी सकाळी धर्माशेठच्या पत्नी शकूबाई आल्या. पदराखाली कुंडी झाकून आणली होती, एखादं आजारी मूल आणावं तशी.

"भाऊ, याचा कायतरी करा. शेठला कललं नाय अजून."

सदानंदरावांनी कुंडी पाहिली. माती चिखल झाली होती. त्यांनी त्या सकाळी तीन घरांना मुळांची हवा समजावली होती. चौथ्यांदा सुरुवात केली.

"वहिनी, याला रोज पाणी घालायचं नाही."

"नाय घातला तर पाप लागंल ना?"

"पाप नाही लागणार."

"घरातल्या लक्ष्मीला पानी नाय द्यायचा म्हनजे?"

सदानंदराव थकले होते. चहा थंड झाला होता. पुढे ते सांगत की ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, आपोआप तोंडातून पडलं.

"वहिनी, तिचा उपास असतो."

शकूबाईंचा चेहरा एकदम उजळला. "असा होय! निर्जली?"

"निर्जळी."

"सोडायचा कवा?"

"दर दुसऱ्या सोमवारी. एकदाच, भरपूर. खालून पाणी निघेपर्यंत. मग पुन्हा उपास."

"आनि पावसात?"

"पावसात चातुर्मास. अगदीच पानं सुरकुतली तर एकादशीला पेलाभर, नाहीतर काही नाही."

शकूबाईंनी कुंडीला नमस्कार केला. सडलेल्या रोपाची वरची निरोगी फांदी सदानंदरावांनी कापून दिली. ती लगेच मातीत खोचली तर कुजते, काप सावलीत सुकू द्यावा लागतो. हे ते गेली दहा वर्षं लोकांना सांगत होते आणि एकानेही पाळलं नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "फांदी कापली म्हणजे तिला सुतक. दहा दिवस सावलीत ठेवायची, पाण्याला शिवू द्यायची नाही."

शकूबाईंनी ते तंतोतंत पाळलं. तोंडात बोट घालावं असं ते रोप वाढलं.

महिन्याभरात सगळी इमारत जेडचा उपास धरून होती. ज्या विनीला मुळांची हवा समजली नव्हती तिला उपास एका वाक्यात समजला. सदानंदरावांना मग चटकच लागली. जे जे विज्ञानाने पचलं नव्हतं ते ते त्यांनी प्रसादाच्या द्रोणात वाढलं. कुंडी आठवड्याला थोडी फिरवली नाही तर झाड एका बाजूला झुकतं, म्हणून त्यांनी जेडला दर गुरुवारी पाव प्रदक्षिणा लावून दिली. भोक नसलेली कुंडी म्हणजे पाताळाचं दार बंद. पानांच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी कीड धरली तर ती दृष्ट, आणि ती काढायची डॉक्टरांकडच्या स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने, मीठमोहरीने नव्हे. टँकरचं खारट पाणी वर्ज्य, पावसाळ्यात भरून ठेवलेलं आकाशाचं पाणी चालेल. दूध उष्टं असतं, ते वासराचं आहे, म्हणून वर्ज्य.

व्हेरोनिकाबाई एकदा वर आल्या आणि दारातच हसत उभ्या राहिल्या. "वालावलकर, आम्ही कॅथलिक लोकांनी काय करायचं? आमचा चातुर्मास नसतो."

"तुम्ही माती वाळली की घाला."

"म्हणजे आमच्या वाट्याला नुसतं विज्ञान? हा अन्याय आहे." मग हसू आवरून म्हणाल्या, "झाडं बरी वाढतायत, ते दिसतंय. पण मंडळात लोक विचारतात. काय सांगू?"

"सांगा की मी लोकांना योग्य तेच करायला लावतोय."

"कारण मात्र खोटं देऊन."

"कारण कोणाला हवंय, बाई?"

वहिनींनीही त्या रात्री जेवताना विचारलं, "अहो, तीस वर्षं माणसांचे उपास सोडवत फिरलात. आता झाडांना धरायला लावलेत होय?" सदानंदराव म्हणाले की निदान झाडांना त्याचा फायदा होतो. वहिनी म्हणाल्या, "व्रत लावणं सोपं असतं. उद्यापन कोण सांगणार?" सदानंदरावांनी वाटीतली आमटी संपवली आणि विषय बदलला.

त्यांना बरंही वाटत होतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. रविवारी नालासोपाऱ्याहून, विरारहून लोक कुंड्या घेऊन येत. जिन्यात रांग लागे. कुणाला जेड लावल्यावर नोकरी लागली होती, कुणाच्या मुलीचं जमलं होतं. धर्माशेठच्या दुकानासमोर ट्रक उभे राहू लागले होते. त्या वर्षी विरारपर्यंत इमारतींची रानं उठली होती आणि प्रत्येकीला सिमेंट लागत होतं, पण श्रेय जेडला गेलं. कुणीतरी पाया पडलं तर सदानंदराव पूर्वी दोन पावलं मागे सरकत. हळूहळू एक पाऊल सरकू लागले. आवाजही बदलला. पूर्वी ते मुळं, हवा, क्षार असे शब्द वापरत, आता डोळे अर्धे मिटून बोलत. "पान पिवळं पडलं की ओळखा, आत पाणी साचलंय. पाणी तोडा. देह काय, झाड काय, धर्म एकच."

हे शेवटचं वाक्य लोकांना फार आवडलं. विनीच्या सासूबाईंनी तर ते पाठ केलं.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात वसईत काविळीची साथ आली. टँकर कुठल्या विहिरीवर भरतात हे विचारायची पद्धत नव्हती. विनीची मुलगी खुशी तेव्हा चार वर्षांची होती. एका दुपारी सदानंदराव पहिली पाळी करून कारखान्यातून येत होते, तेव्हा जिन्यात विनी उभी होती. केस विस्कटलेले, पायात चप्पल नव्हती.

"काका, खुशीचं पाणी कधी सोडायचं?"

"कसलं पाणी?"

"कालपासून उलट्या होतायत. डोळे पिवळे झालेत. सासूबाईंनी काल दुपारपासून पाणी बंद केलंय. मी चोरून दोन चमचे पाजले. त्या म्हणतात तुमचा नियम आहे. पिवळं पडलं की तोडायचं. पण ती मागतेय हो, सारखी मागतेय. तुम्ही फक्त कधी द्यायचं ते सांगा."

सदानंदरावांच्या हातातला डबा जिन्यावरून गडगडत खाली गेला. ते विनीच्या घरात शिरले. खुशी कॉटवर पडली होती. ओठ सुकून पापुद्रे सुटले होते, डोळे आत गेले होते. उशाशी जेडची कुंडी ठेवलेली होती. सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांनी स्वतःही कालपासून पाणी घेतलं नव्हतं, नातीबरोबर निर्जळी धरलं होतं.

"पाणी आणा," सदानंदराव ओरडले.

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात," सासूबाई म्हणाल्या, "देह काय, झाड काय—"

"मी मूर्ख आहे! पाणी आणा!"

विनीचा नवरा सिद्धेश मुंबईत कामावर होता. सदानंदरावांनी मुलीला उचललं, विनीला बरोबर घेतलं आणि रिक्षा करून वसई गावातल्या दवाखान्यात नेलं. रिक्षात विनी चमच्याने पाणी पाजत होती आणि सदानंदराव, ज्यांना आम्ही कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, रिक्षावाल्याला शिव्या देत होते. डॉक्टरांनी बघता क्षणी सलाईन लावलं. कोणी केलं हे, असं त्यांनी विचारलं. सदानंदराव म्हणाले, "मी."

खुशी वाचली. पुढे ऊस चघळत, मनुका खात ती महिनाभर घरात बसली आणि सगळ्यांना त्रास देण्याइतकी बरी झाली. सदानंदराव मात्र त्या संध्याकाळी घरी आले आणि बाल्कनीत जेडसमोर बसून राहिले. वहिनींनी ताट वाढलं, त्यांनी ते सरकवलं. वहिनी त्या वेळी काहीही बोलल्या नाहीत. तीस वर्षांच्या संसारात बोलायची एवढी मोठी संधी त्यांनी पहिल्यांदाच सोडली.

त्याच रविवारी सदानंदरावांनी सगळ्यांना गच्चीत बोलावलं. पत्र्याखाली माणूस मावत नव्हता. काहीजण बाहेरून आले होते, हातात कुंड्या होत्या. सदानंदराव उभे राहिले आणि म्हणाले, "जेडला उपास नसतो. मी ते बनवलं. एका सकाळी मी कंटाळलो होतो म्हणून बनवलं. सोमवार खोटा, सुतक खोटं, प्रदक्षिणा खोटी. झाडाला जास्त पाणी घातलं की मुळं कुजतात, तुम्ही ऐकत नव्हता म्हणून मी तुम्हाला गोष्ट सांगितली. आणि त्या गोष्टीने एक मुलगी मरता मरता राहिली."

मग धर्माशेठ उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बगा," ते लोकांकडे वळून म्हणाले, "किती मोठा मानूस. सगळा दोष सोताच्या अंगावर घेतो."

"धर्माशेठ, मी खरं सांगतोय. मी बनवलं."

"तुमी नाय बनवला. तुमच्या तोंडून आला. तुमीच म्हनता ना आपोआप पडला? आमचा जेड कसा वाढला ते आमी नाय पायला? आमच्या दुकानाचा काय झाला ते आमाला दिसत नाय?"

सदानंदरावांनी वळून व्हेरोनिकाबाईंकडे पाहिलं. बाईंनी डोक्याला हात लावला होता.

मग त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. प्रयोगावर त्यांचा अजूनही विश्वास होता. गच्चीत सर्वांदेखत दोन कुंड्या मांडल्या. एकीत विटांचा चुरा, रेती, खाली भोक. तिला ते वाटेल त्या वारी पाणी घालत, माती वाळली की. अगदी एकादशी, अमावास्या, काही न बघता. दुसरीत खाडीकाठची चिकणमाती, खाली भोक नाही, पण पाणी नियमाने दुसऱ्या सोमवारीच, गुरुवारी पाव प्रदक्षिणा, सगळं यथासांग. अपेक्षेप्रमाणे पहिलं वाढलं आणि नियमाचं कुजलं. सदानंदरावांनी लोकांना वर नेऊन दाखवलं.

लोकांनी पाहिलं आणि त्यांच्यात कुजबुज झाली. निष्कर्ष शकूबाईंनी जाहीर केला. "भाऊंच्या हाताची शक्ती गेली. चेष्टा केली ना, म्हनून. बिचारा नियमाचा झाडसुदा त्यांच्या हातात जगत नाय."

तिथून सत्ता बदलली. रविवारच्या कुंड्या आता चौथ्या मजल्याऐवजी तळमजल्याकडे जाऊ लागल्या. शकूबाई दुकानाच्या मागच्या खोलीत बसत. सदानंदरावांचेच नियम त्या सांगत, फक्त अधिक खात्रीने. त्यांनी स्वतःचीही थोडी भर घातली. जेडसमोर खोटं बोलायचं नाही, हा नियम त्यांचा. तो कोणी पाळल्याचं ऐकिवात नाही. झाडं छान वाढत राहिली. आजूबाजूच्या चार सोसायट्यांत तेवढी निरोगी जेडं मी कुठे पाहिली नाहीत.

एक नियम मात्र सदानंदरावांनी भांडून काढून टाकला. ते एक दिवस शकूबाईंच्या खोलीत जाऊन बसले आणि हललेच नाहीत. "वहिनी, बाकी काय सांगायचं ते सांगा. पण येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, की हे झाडाचं आहे, माणसाचं नाही. पोराला उलट्या झाल्या, ताप आला, तर पाणी पाजायचं आणि डॉक्टर." शकूबाईंनी खुशीला पाहिलं होतं. त्यांनी ते कबूल केलं आणि शब्दाला जागल्या. पुढे तर त्या कुंडी हातात घ्यायच्या आधी तेच म्हणवून घेत.

उपासाच्या दिवसांत विज्ञान मंडळाने सदानंदरावांना दूर ठेवलं होतं, आता परत घेतलं, थोडी कानउघाडणी करून. ते शाळांमध्ये जात. भाषणं मात्र फार लहान करू लागले. मुलांच्या हातात कुजलेलं रोप देत, वास घ्यायला लावत, आणि खाली बसत. कारखाना पुढे बंद पडला, तेव्हापासून ते आठवड्यातले दोन दिवस सांडोरला ऑगस्टीनच्या पडवीत निवडुंगांपाशी असतात. तिथे त्यांना कोणी काही विचारत नाही.

विनीच्या सासूबाई वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात भेटले की दोघंही भिंतीला चिकटून एकमेकांना वाट देत. मग एका संध्याकाळी त्या स्वतःच वर आल्या. हातात नवी कुंडी होती, खुशीने पानापासून उगवलेलं इवलंसं रोप. शकूबाईंकडे न जाता इकडे का आल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

"हिला पाणी कधी घालू?" त्या म्हणाल्या. "आणि यावेळी खरं काय ते सांगा."

सदानंदरावांनी कुंडी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. "मला विचारू नका. मातीत बोट घाला. पेरापर्यंत."

सासूबाईंनी घाबरत घाबरत बोट घातलं. थोडा वेळ तसंच ठेवलं.

"काय लागतं?"

"खाली ओल आहे."

"मग?"

"मग आज नको," त्या म्हणाल्या. स्वतःच म्हणाल्या, आणि आपण बरोबर बोललो की काय म्हणून सदानंदरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

सासूबाईंनी बोट बाहेर काढलं. त्याला लागलेली माती त्यांनी हळूच कपाळाला लावली, मग गळ्याला, आणि कुंडी छातीशी धरून जिना उतरल्या.

सदानंदरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. वहिनींनी त्यांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला.